बरणीतले ते मासे ‘पिल्लं’ नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ओढ्याच्या स्वच्छतेची बातमी वाचली. राबणाऱ्या मुलांचं कौतुक आहेच. पण ओढा सुधारल्याचा पुरावा म्हणून बरणीतल्या ‘पिल्लांचं’ जे छायाचित्र छापलंत, ते मी भिंगाखाली धरून पाहिलं (विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, खोड जात नाही). ती पिल्लं नाहीत, पूर्ण वाढ झालेले गंबुसिया आहेत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हा मासा १९२८ साली इटलीतून भारतात आणला गेला. प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही तो मजेत तगतो, त्यामुळे तो दिसला म्हणून पाणी सुधारलं असं होत नाही. उलट तो इतर माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांचे डिंभकही फस्त करतो.

ओळखायचा कसा? शेपटी पाहा. गंबुसियाची शेपटी टोकाला गोलसर असते, पाठीवरचा एकुलता पर बराच मागे, तोंड वर वळलेलं. कार्प कुळातल्या आपल्या चिमुकल्या माशांची शेपटी दुभंगलेली, उघड्या कात्रीसारखी. त्यातला रास्बोरा अगदी सोपा, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ. टिक्टो पुंटियसला दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे बारीक, दुसरा शेपटीकडे ठळक.

एवढ्यावर मात्र निकाल देऊ नये. मुळशीकडच्या एका ओढ्यावर मी स्वतः गोल शेपटी पाहून एका माशाला विद्यार्थ्यांसमोर परका ठरवलं. एका मुलीने विचारलं, “सर, मग याच्या डोक्यावर हे काय चमकतंय?” तो पट्टेरी पँचॅक्स होता. अस्सल इथला, आणि डासांच्या अळ्या खाण्यात गंबुसियाला हार न जाणारा! डोक्यावरचा तो चकाकता ठिपका वरून पाहिलं तरी दिसतो. मलाच दिसला नव्हता.

ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची अनेक नावं शास्त्रीय नावांत बसवली. ‘गारा मुल्या’तला मुल्या म्हणजे आपला मळ्या, दगडाला चिकटून राहणारा. हे नाव जगभरचे मत्स्यतज्ज्ञ घेतात आणि आपण बोटाएवढ्या प्रत्येक माशाला ‘रोहूचं पिल्लू’ म्हणून मोकळे होतो.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी. पुढच्या वेळी मासा चपट्या काचेच्या भांड्यात ठेवून, शेजारी पट्टी धरून, बाजूने फोटो काढायला मुलांना सांगावं. वरून काढलेल्या फोटोत शेपटी कळत नाही. आणि बरणीतले ते गंबुसिया अजून जिवंत असतील, तर दया येऊन कुणी ते विहिरीत सोडू नयेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे