विंचूदंशाच्या बातमीत हेही छापा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा लागला की, आणि पुन्हा पाऊस सरत आला की, आपल्या जिल्हा पानावर विंचूदंशाच्या बातम्या येऊ लागतात. मजकूर ठरलेला: मुलाला विंचू चावला, विष अंगात भिनले, उपचार सुरू असताना मृत्यू. वाचणाऱ्याला वाटते, विष चढत गेले आणि खेळ संपला. मध्ये कुणाच्या हातात काही नव्हते. कोकणात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे हा समज किती महागात पडतो ते ठाऊक आहे.

तांबड्या विंचवाच्या दंशात जीव जातो तो बहुतेक वेळा आपल्याच शरीराने उठवलेल्या गोंधळामुळे. विष काम करते ते मज्जातंतूंवर. संदेश गेला की तंतूतली सोडियमची वाट क्षणात मिटायला हवी. विषातली प्रथिने ती मिटू देत नाहीत, आणि तंतूला शांत करणारी पोटॅशियमची वाट अडवून धरतात. मग मज्जातंतू थांबेचनात, संदेशामागून संदेश. सुरुवातीला उलट्या, लाळ, दरदरून घाम. मुलग्यांमध्ये लिंग ताठरलेले राहते, हे लक्षण लाजेपोटी आया सांगत नाहीत आणि नेमके तेच महत्त्वाचे असते. पाठोपाठ अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तात ओतले जाते. संकटात पळायला बळ देणारी ही रसायने, पण एवढ्या प्रमाणात ती सोसवत नाहीत. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाची डावी बाजू थकते आणि, पुढे बांध घातला की पाणी मागे शेतात तुंबावे तसे, रक्त फुप्फुसांत तुंबते. धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. दंशानंतर अर्ध्या तासातही हे सुरू होऊ शकते, काहींना काही तास लागतात.

यावरचा उपचार जगाला उमगला तो महाडमुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शंभरात तीसेक तरी दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हातपायांचा गारठा यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धोक्याची पूर्वलक्षणे मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिले. रक्तदाबाची जुनी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तवाहिनीवरच्या ज्या जागांवर (अल्फा ग्राहींवर) बसून तिला आवळते, त्याच जागा ही गोळी अडवते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचे ओझे उतरते. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यासकट सगळ्या वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले. गोळीचे नाव मात्र किती वाचकांच्या लक्षात राहिले असेल कोण जाणे.

घोड्यांच्या रक्तापासून केलेली प्रतिविष लसही आपल्याच मुंबईच्या हाफकिनने तयार केली. प्राझोसिनच्या जोडीला ती दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही महाडमध्येच अभ्यासून २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. आधीच उठलेले वादळ शमवणे तिच्या आवाक्यात नाही. म्हणून लस दूर असली तरी गोळी अडून राहता कामा नये.

आता पालकांसाठी. मूल ठणक्याने किंचाळत असेल, पण हातपाय उबदार असतील, घाम-उलटी नसेल, तर बहुधा ते दिवसभराच्या वेदनेवर सुटते. (भगताच्या अंगाऱ्याला यश येते ते याच रुग्णांमुळे. बहुतेक दंश मुळात असेच असतात.) भीती वाटावी ती गप्प पडलेल्या मुलाची: ठणका फारसा नाही, पण अंग घामाने निथळतेय, हात बर्फासारखे, उलटी झालेली. घरचे म्हणतात, रडायचा थांबला, उतार पडला. अशा मुलाला त्याच क्षणी दवाखान्यात न्यायला हवे. पट्टी आवळणे, चिरा देणे, चुना लावणे यात वेळ घालवू नये.

आणि थोडे दवाखान्यांबद्दलही, कारण दोष सगळा भगतांच्या माथी मारणे सोयीचे असते. विंचूदंशाला अ‍ॅलर्जी समजून स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्याने भले होत नाही, उलट अ‍ॅड्रिनॅलिनचा मारा अधिक तीव्र होऊ शकतो. घाम आणि लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन दिले तर आधीच धावणारे हृदय आणखी धावते. प्राझोसिनचा डोस मुलाच्या वजनावर डॉक्टरांनीच ठरवायचा. घरी कुणाची रक्तदाबाची गोळी तोडून देऊ नये. गोळी दिल्यावर मुलाला आडवेच ठेवायचे, कडेवर घ्यायचे नाही, कारण उभे धरले तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. मग हात लावून पाहत राहायचे. तळवे कोरडे आणि उबदार लागेपर्यंत ठरावीक अंतराने गोळी पुन्हा दिली जाते. यंत्र नसलेल्या आरोग्य केंद्रातही एवढे जमते.

माझी विनंती आपल्या बातमीदारांना आहे. विंचूदंशाने मृत्यू झाल्याची पुढची बातमी देताना त्यांनी या दोन वेळा विचारून घ्याव्यात आणि छापाव्यात: दंश किती वाजता झाला, आणि प्राझोसिन किती वाजता मिळाले. मिळालेच नसेल, तर तेही छापावे.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, रायगड जिल्हा