बेशुद्ध माणसाच्या डोक्याखालची उशी काढा

महोदय,

कोणी बेशुद्ध पडले की त्याला उताणे झोपवायचे, डोक्याखाली उशी किंवा गुंडाळलेला कपडा सारायचा आणि शुद्धीवर यावा म्हणून तोंडात पाणी घालायचे, असे सर्रास केले जाते. यातले पाणी धोक्याचे आहे हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. उशीबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

शुद्ध हरपली की जबड्याचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात. उताण्या माणसाची जीभ मागे सरकून घशाला टेकते. उशीने हनुवटी छातीकडे झुकते आणि उरलीसुरली वाटही अरुंद होते. अशा वेळी येणारा घोरण्यासारखा आवाज गाढ झोपेचा नसतो, तो अडलेल्या श्वासाचा असतो. दारू पिऊन पडलेल्याला 'झोपू द्या' म्हणून तसेच सोडतात, तेव्हा नेमकी हीच चूक होते.

दुसरा धोका पोटातून येतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली स्नायूंची पकड ढिली झालेली असते, त्यामुळे ओकारीचा आवाजही न होता आम्लयुक्त द्रव घशापर्यंत चढतो. ठसका लागायची शक्ती गेलेली असल्याने तो सरळ श्वासनलिकेत उतरतो, बहुधा उजव्या फुप्फुसात, कारण उजवी शाखा जास्त रुंद आणि उभी असते. अन्नाचा घट्ट तुकडा श्वास अडवतो, तर आम्ल फुप्फुसाला आतून भाजते. हा फरक अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये, प्रसूतीवेळी भूल दिलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवतात ते याचसाठी. अचानक कोसळणारा माणूस काही उपाशी नसतो.

म्हणून कुशीवर वळवायचे, पण आधी श्वास तपासायचा. कपाळावर हात ठेवून डोके मागे कलवा, हनुवटी वर उचला आणि जास्तीत जास्त १० सेकंद छातीकडे पाहा. श्वास नसेल किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येत असेल, तर त्याला श्वास समजू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि त्याला उताणेच ठेवून छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. अशा माणसाला कुशीवर वळवण्यात वेळ घालवणे जिवावर बेतते.

श्वास नीट चालू असेल, तर त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात शरीराशी काटकोनात ठेवून कोपरात वर दुमडा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याच्या हाताची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाला टेकवून धरा. पलीकडचा गुडघा उभा करा, पाऊल जमिनीवरच राहू द्या आणि तो गुडघा धरून माणसाला स्वतःकडे ओढा. वर आलेला पाय कंबरेत आणि गुडघ्यात काटकोनात ठेवा, म्हणजे तो पोटावर कलंडणार नाही. शेवटी डोके पुन्हा मागे कलवून तोंड जमिनीकडे करा. हे विसरले, तर कुशीवर वळवूनही फायदा निम्मा होतो. त्यानंतर श्वासावर सतत लक्ष हवे. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गेला तर कूस बदला, नाहीतर खालचा हात दबतो. गर्भवतीला डाव्या कुशीवर ठेवा. मानेला मार असण्याची शक्यता असेल तर शक्यतो हलवू नका; पण उलटी होत असेल किंवा श्वास अडत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत धरून, दोघातिघांनी मिळून वळवावेच लागते. तोंडात दिसेल तेवढेच पुसून काढा, आत आंधळेपणाने बोटे घालू नका.

रुग्णालयात खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर असते, मग घरी बसते का करू नये, असे विचारले जाते. नाकातल्या नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णाला तसे ठेवणे योग्यच आहे, अन्न देताना आणि नंतर अर्धा ते एक तास. त्याची चादर बदलायला खाट सपाट करायची असेल तर अन्न आधी बंद करावे. नुकत्याच बेशुद्ध पडलेल्या माणसाला टेकून बसवले, की मान पुढे लोंबते आणि घसा बंद होतो.

उलटी होऊन तो नंतर शुद्धीवर आला, तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे. धाप, खोकला आणि ताप काही तासांनीही सुरू होऊ शकतात. शेवटचे खाणे कधी झाले आणि उलटी केव्हा झाली, हे सांगणारा माणूस सोबत जावा.

– एक भूलतज्ज्ञ