पुराच्या रात्री आमच्या ग्रुपवर जे दिसलंच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा जवळ आला की आपल्या पेपरात पुराच्या तयारीवर पत्रं येतात, बोटी किती, पंप किती, निवारा केंद्रं कुठे वगैरे, आणि ते सगळं हवंच. पण पुरात आपण एकमेकांशी बोलतो कसं यावर कुणी फारसं लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

सांगलीत गावभागात आमचं मेडिकल आहे. २०१९ चा ऑगस्ट इथे कुणी विसरणार नाही, इर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका आणि कृष्णा गेली ५७ च्या वर. दुकानातला माल आम्ही वर घरात आणून ठेवला होता, लाइट नव्हती, इन्सुलिन थर्मासमध्ये बर्फ घालून सांभाळत होतो. आमच्या पेठेचा फोनवर एक ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं. त्यावर रात्री ८ वाजून १० मिनिटांनी एका मुलाचा मेसेज आला की आईचं इन्सुलिन संपलंय, दुसऱ्या मजल्यावर अडकलोय, कुणाकडे आहे का. तो मी पाहिला साडेअकराला! इन्सुलिन माझ्या हाताशी, त्यांचं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे आणि मधे सव्वातीन तासांच्या वर गेले. त्या वेळात त्याच ग्रुपवर काय काय आलं होतं ते मी नंतर वर जाऊन बघितलं. कोयनेतून पाणी सोडल्याचे तीन वेगवेगळे आकडे, एकावरही वेळ नाही तारीख नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी गावचा पूल वाहून जातानाचा व्हिडिओ, तोच पाच जणांनी टाकलेला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर आला की नाही यावर दोघांचं कडाक्याचं भांडण. आणि 'काळजी घ्या' चे हात जोडलेले फोटो तर किती ते मोजलेच नाहीत. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता हे मला मुद्दाम सांगायचंय, सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते पुढे पाठवतो. पहाटे मंडळाच्या पोरांनी बोटीतून औषध पोचवलं, त्या मुलाची आई वाचली. पण ते सव्वातीन तास माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला बोट उलटली. ती बातमी ग्रुपवर आली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना ती अफवाच वाटली, कारण त्याआधी दोन दिवस खोटंच इतकं वाचलं होतं. खऱ्या बातमीवरचा विश्वास असा उडणं हे मला पाण्याइतकंच भयंकर वाटतं.

पूर ओसरल्यावर आम्ही मंडळात बसलो तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच, लोकांना शिस्त नाही. मला ते तेव्हाही पटलं नाही. दोनशे माणसं एकाच खोलीत एकाच वेळी बोलायला लागली तर शिस्तीचा माणूससुद्धा ऐकू येणार नाही. माझा भाचा कंप्युटरवाला आहे, तो म्हणाला मावशी खोल्या वेगळ्या करू, आणि त्याने आम्हाला झुलिप नावाचं मेसेजचं ॲप दाखवलं. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो आणि आपल्या सर्व्हरवर फुकट चालवता येतो, २०१५ पासून ते असं खुलं आहे. त्यात चॅनलवर मेसेज टाकताना विषयाचं नाव द्यायचं, बस एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो ते २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा कळलं. 'इर्विन पातळी' या विषयात फक्त फूट आणि वेळ, दुसरं काही नाही. 'औषध हवंय' मध्ये मी आणि आणखी दोन दुकानवाले लक्ष ठेवून. औषध पोचलं की त्या मागणीच्या विषयावर टिक करून तो मिटवायचा, म्हणजे रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसालाही एका नजरेत दिसतं कुठलं काम राहिलंय. सुरुवातीला कुरकुर खूप झाली, आमच्या एका काकांनी तर विषय कशाला लिहायचा म्हणून ॲपच काढून टाकलं होतं, मग त्यांच्याच सोसायटीतल्या बाईंची बीपीची गोळी वीस मिनिटांत पोचली तेव्हा परत आले.

आणि अलमट्टीचं भांडण? त्याला आम्ही स्वतःचा विषय दिला. तिथे ते मिटलं नाही, पण सुधारलं. २०१९ च्या पुरानंतर सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल एकाने वाचून काढला, दुसरा म्हणाला मला पटत नाही आणि का पटत नाही ते त्याने चार दिवसांनी नीट लिहिलं. चार दिवसांनी! नेहमीच्या ग्रुपवर चार दिवसांपूर्वीचं बोलणं कुणाला सापडतं तरी का.

एक मात्र स्पष्ट सांगते, झुलिपवरचं बोलणं सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतं, म्हणून कुणाचा आजार, कुणाचा रिपोर्ट हे आम्ही तिथे लिहीत नाही, त्यासाठी सिग्नल हे दुसरं मेसेजचं ॲप. तेही ओपन सोर्स आणि नफा न कमावणारी संस्था ते चालवते. व्हॉट्सॲपवरचे मेसेजही २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने कुलूपबंद होतात, त्यामुळे आतला मजकूर दोन्हीकडे सुरक्षितच आहे, फरक आहे तो बाकी काय साठवलं जातं यात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाकडून माहिती मागवली गेली तेव्हा सिग्नलवाल्यांकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. आमच्याकडे गुप्त आजारांची औषधं न्यायला माणसं दुकान बंद व्हायच्या वेळी येतात, त्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही, लगेच कळतं.

टॉवर बंद पडला की हे सगळं बंद, हेही खरं. म्हणून मारुती मंदिराच्या ओट्यावर फळा ठेवलाय आणि त्यावर तेच विषय, त्याच क्रमाने खडूने लिहिलेत.

आता मागणं दोन. नदीकाठच्या प्रत्येक मंडळाने आत्ता, कोरडं असताना, आपल्या पेठेचे विषय ठरवून ठेवावेत, पाणी अंगणात आल्यावर कुणी नवीन ॲप शिकत नाही. आणि आपल्या पेपरला विनंती, पुराच्या दिवसांत पातळीचा आकडा छापताना आणि मोबाईलवर टाकताना त्याच ओळीत मोजल्याची वेळ टाका, खाली बारीक अक्षरात नको, कारण लोक त्या ओळीचाच फोटो काढून पुढे पाठवतात. आमच्या मंडळात दर रविवारी दुपारी चारनंतर पोरं बसतात, कुठल्याही पेठेतल्या कुणीही फोन घेऊन यावं, ती सगळं बसवून देतील.

आपली,
एक औषध विक्रेती
गावभाग, सांगली