विक्काचे ऋतुसण आणि आपला शब्द ‘चेटकीण’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘चेटकिणींचे सण’ हा लेख वाचला. विक्का या निसर्गपूजक पाश्चात्त्य पंथाचे लोक ३१ ऑक्टोबरच्या रात्री भुतांना बोलावतात आणि ही हजारो वर्षांची अघोरी विद्या आहे, असे त्यात लिहिले आहे. वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात एकतीस वर्षे भूगोल शिकवला. २०१८च्या ऑक्टोबरात लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला, लीड्सला गेले आणि मार्चअखेरपर्यंत तिथेच होते. शेजारी सत्तरीच्या एक निवृत्त परिचारिका एकट्या राहत. त्या विक्का मानतात हे त्यांनी स्वतःच सांगितले, आपण गप्पांच्या ओघात कुलदैवत सांगतो तसे.

३१ ऑक्टोबरला त्यांनी मला जेवायला बोलावले. त्या दिवसाला त्या ‘साउइन’ म्हणत. टेबलावर नवऱ्याचा आणि आईचा फोटो, एक मेणबत्ती आणि एक पान जास्तीचे वाढलेले. जेवण होईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सर्वपित्रीला माझी आजी कावळ्यासाठी पान ठेवून दारात थांबायची, तेव्हा तिचाही चेहरा असाच असायचा. जेवण झाल्यावर त्यांनी एक सफरचंद घेतले आणि आडवे कापले. आपण उभे कापतो, त्यामुळे जन्मभर सफरचंद खाऊनही मी हे कधी पाहिले नव्हते: बियांच्या पाच कप्प्यांची नेमकी चांदणी! लेखासोबत ‘सैतानाची खूण’ म्हणून जी चांदणी छापली आहे, ती हीच. तिची चार टोके म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि पाचवे चैतन्य, असे बाईंनी सांगितले. अर्धे सफरचंद आम्ही दोघींनी खाल्ले, अर्धे त्यांनी परसात पुरले. झाला सण.

डिसेंबरातला दिवस मात्र मी विसरणे शक्य नाही. २१ जून आणि २२ डिसेंबर मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पण साताऱ्यात सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. शाळेतल्या मुलांना त्यात फरक तो काय जाणवणार? लीड्सला तो जेमतेम साडेसात तासांचा. पावणेचारला सूर्य मावळला. बाईंनी घरातले सगळे दिवे घालवले आणि आम्ही तशाच बसून राहिलो, माझ्या मांडीवर दीड महिन्याची नात. बऱ्याच वेळाने त्यांनी एक मेणबत्ती लावली, तिच्यावरून दुसरी, तिच्यावरून तिसरी. ‘आता दिवस वाढणार,’ एवढेच म्हणाल्या. हा त्यांचा यूल.

त्यांच्याकडे एक वही होती. वरच्या मजल्याच्या खिडकीतून सूर्य समोरच्या कोणत्या धुराड्यामागून उगवतो, हे त्या दर सणाला तिच्यात टिपून ठेवत. डिसेंबरात आग्नेयेकडचे धुराडे, जूनमध्ये पार ईशान्येकडचे झाड. मी ती वही किती वेळ चाळत बसले होते! असा गृहपाठ मी मुलांना कधीच का दिला नाही, याची अजून चुटपुट लागते.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला इम्बोल्क. घर झाडूनपुसून लख्ख, वाटीत दूध आणि बर्फाशेजारी उगवलेली स्नोड्रॉपची तीन पांढरी फुले. १ ऑगस्टच्या लामासला त्या नव्या धान्याचा पाव भाजून शेजारीपाजारी वाटतात. त्याचा फोटो मला दरवर्षी येतो. असे आठ सण. ऑस्ट्रेलियातले विक्का हेच चक्र उलटे फिरवतात, यूल जूनमध्ये करतात, कारण त्यांची थंडी तेव्हा असते. यावरूनच कळावे की यात मान ऋतूचा आहे.

‘हजारो वर्षांची’ हेही बरोबर नाही. काही सणांची मुळे जुनी आहेत, पण विक्का हा पंथ विसाव्या शतकातला. मलायात (आजच्या मलेशियात) कस्टम खात्यात नोकरी केलेले जेराल्ड गार्डनर यांनी तो लोकांपुढे आणला, तोही इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाल्यावर. आठ सणांचे चक्र १९५०च्या दशकात बसवले गेले. मेबनसारखी (सप्टेंबरातल्या, दिवस-रात्र समान असतानाच्या सणाचे नाव) नावे तर १९७०च्या दशकात अमेरिकेत दिली गेली. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म विक्का असा नोंदवला आहे.

तिथली बाई स्वतःला ‘विच’ म्हणवते ती आपखुशीने. आपल्याकडे ‘चेटकीण’, ‘डाकीण’ हे शब्द दुसऱ्याने लादलेले असतात. नंदुरबारकडच्या पाड्यांवर या एका शब्दापायी बायकांनी मार खाल्ला आहे, गाव सोडले आहे. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागलेल्या राज्यातल्या वृत्तपत्राने हा शब्द मथळ्यात मिरवू नये, असे मला कळकळीने वाटते. ‘विक्का’ हा शब्द मराठीत लिहायला काहीच अडचण नाही. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा