ज्यांच्या लेकाचा दात माझ्या मुलामुळे तुटला, त्या ताईंना

ताई,

तुमचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून ‘चौथी ब दात’ याच नावाने सेव्ह आहे. त्या गडबडीत तेवढंच सुचलं होतं. मेसेज करून आभार मानले असते, पण तुम्ही ‘अहो त्यात काय एवढं’ म्हणून एक अंगठा पाठवला असता आणि विषय तिथेच मिटला असता. मला तो इतक्यात मिटवायचा नाहीये, म्हणून चारचौघांत लिहितेय.

शाळेतून फोन आला तेव्हा मी परळला ऑफिसात होते. ‘तुमच्या मुलाचा धक्का लागून एकाचा दात तुटलाय, त्याच्या आई येतायत, तुम्हीही या.’ दादरला पोचेपर्यंत ‘त्याच्या आई येतायत’ एवढंच डोक्यात घुमत होतं. त्याला कारण आहे.

आधीच्या शाळेत, माझा मुलगा पहिलीत असताना, एकच पेन्सिल दोघांनी ओढली आणि टोक दुसऱ्या मुलाच्या तळव्यात घुसलं. काळा ठिपका उठला. मधली सुट्टी संपायच्या आत पालकांच्या ग्रुपवर त्या तळव्याचा फोटो आणि खाली सल्ला, ‘लेड पॉयझनिंग होतं, ताबडतोब ॲडमिट करा.’ पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते, पण हे सांगणारी मी कोण? आरोपीची आई. रात्री एकाने पोलीस कंप्लेंटची भाषा काढली. सहा वर्षांच्या पोरावर! सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य कायदा गुन्हा धरत नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ते कलम ८२ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २० आहे. कायद्याला जे १८६० साली कळलं होतं, ते त्या ग्रुपमधल्या डिग्रीवाल्यांना कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेत आले. पॅसेजमध्ये माझ्या मुलासमोर वाकले आणि नाकासमोर बोट नाचवत म्हणाले, “परत हात लावलास तर बघ.” वर्गशिक्षिका शेजारीच उभ्या होत्या. शाळेने हमीपत्र लिहून घेतलं, तेही माझ्याकडून. पुढे कित्येक दिवस शाळेची रिक्षा खाली वाजली की याचं पोट दुखायचं.

तर त्या दिवशी दादरच्या शाळेचा जिना चढताना मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. तुम्ही आधीच पोचला होतात. तुमचा लेक ऑफिसबाहेरच्या बाकावर ओठाला रुमाल लावून बसला होता आणि तुम्ही त्याच्याजवळ नव्हताच. पलीकडे पाण्याच्या नळांपाशी, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या माझ्या मुलासमोर तुम्ही फरशीवर मांडी घालून बसला होतात. इस्त्रीची कॉटनची साडी, आणि त्या नळांखाली कायम चिखल असतो.

त्याची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. शिपाई, बाई, सगळे जण दाताचा तुकडा मैदानभर शोधत होते आणि तो याच्या मुठीत होता. यानेच तो उचलला होता, पण मूठ उघडायची हिंमत होत नव्हती. उघडली की आपणच केलं हे सिद्ध होणार, असं त्याला वाटत होतं. हे त्याने मला नंतर सांगितलं. तुम्हाला ते न सांगता कसं कळलं?

तुम्ही त्याला ‘दाखव’ म्हणाला नाहीत. नुसता तुमचा तळवा त्याच्या मुठीखाली धरलात आणि धरून ठेवलात. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होते, मध्ये पडायचं मला सुचलंच नाही. बऱ्याच वेळाने त्याने एकेक बोट सोडलं. तळव्यावर नखांचे चार लाल चंद्र आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. “अरे वा, जपून ठेवलास,” तुम्ही म्हणालात. “आता डॉक्टरांकडे हा लागणारच आहे. कोण घेईल सांभाळून? घेशील तू?”

मग माझ्याकडे वळून विचारलंत, “नेऊ ना याला? तुम्हीही चला.”

शाळेच्या मावशींनी तुकडा ठेवायला चहाच्या दुधातलं थंड दूध फुलपात्रात ओतून दिलं (त्यांचेही आभार, त्यांच्याइतकी डोकं शांत ठेवणारी व्यक्ती त्या मजल्यावर दुसरी नव्हती). काळी-पिवळीत तुम्ही पुढे बसलात. मागे मी, मध्ये माझा मुलगा, पलीकडे तुमचा. टिळक पुलावर गाडी उडाली की हा फुलपात्रावर पालथा हात धरायचा. पुलाच्या उतारावर तुमचा लेक सुजलेल्या ओठातून म्हणाला, “सांडू नको हां, माझा आहे तो.” आणि दोघं हसायला लागली. मला मात्र रडू फुटलं. तुम्ही मागे वळून न बघता ड्रायव्हरशी वन-वेबद्दल बोलत राहिलात.

डॉक्टरांनी तोच तुकडा चिकटवला. ओला राहिला म्हणून नीट बसला, म्हणाले. या वयात पक्क्या दाताचं मूळ पुरतं वाढलेलं नसतं, तेव्हा पुढचे काही महिने दाताचा रंग बदलतो का ते बघत राहायचं. पोरांनी कान टवकारलेले बघून त्यांनी हेही सांगितलं, की अख्खा पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला बोट लावायचं नाही, घासायचा नाही, दुधात टाकून तासाभराच्या आत यायचं. माझा मुलगा आता बिल्डिंगमध्ये येईल-जाईल त्याला हे ऐकवत असतो.

बिलाचं तर मला फारच आवडलं. मी सगळे पैसे देते म्हणाले. तुम्ही ‘छे छे, राहू दे’चं नाटक केलं नाहीत. “निम्मे द्या,” म्हणालात, आणि निम्मे घेतलेत. एक पैसा घेतला नसतात तर गेटवर तुमच्याशी बोलताना मी कायम खाली बघून बोलले असते.

तुमच्या मिस्टरांचा फोन आला तेव्हाचं एक वाक्य माझ्या कानावर पडलं. “नाही रे, मुद्दाम नाही, साखळी खेळत होती मुलं.” संपलं. त्या अंगणाएवढ्या मैदानात पहिली ते चौथीच्या सगळ्या तुकड्या एकदम सुटतात, कोणी ना कोणी कोणावर आदळणारच. ग्रुपवर त्या रात्री काय आलं? ‘उद्या ड्रॉइंगची वही आणायची आहे का?’ एवढंच. तुम्ही काहीही लिहिलं नव्हतं.

पालकांची धास्ती मला कळत नाही असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर मीही रोज याला खोदून खोदून विचारायचे. सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले ते योग्यच केलं. एकाच पोराला रोज गाठून छळत असतील तर तिथे गप्प बसणं हा गुन्हाच. पण ज्या कॅमेऱ्याने मुलांची राखण करायची, त्याचं फुटेज नऊ वर्षांची दोन पोरं पळताना आपटली म्हणून मागायचं? माझ्या ओळखीत मागणारे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ सालीच बंदी घातली. तीच शाळा दुसऱ्याच्या बापाला पॅसेजमध्ये येऊन पोराला दम भरू देते, हे कुठल्या हिशोबात बसतं?

त्या जुन्या शाळेतल्या गृहस्थांवर मी फार दिवस चिडून होते. अजूनही आहे, उगाच मोठेपणा कशाला आणू. त्यांचं मूलही रडत होतं, तळवा दुखत होता, हे खरं. तुमचंही मूल रडत होतं. त्याच्या तर तोंडातून रक्त येत होतं. तुम्ही आधी त्याला जवळ घेतलं असणारच, ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते त्यानंतरचं, आणि ते करायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठे त्याग आठवतात. इथे साडीला चिखल लागला आणि दहा मिनिटं गेली. एवढ्यावर माझ्या मुलाची चौथी वाचली, ताई. दुसऱ्या दिवशी रिक्षा वाजली तेव्हा हा दप्तर घेऊन आधीच खाली उभा होता.

तपासणीची पुढची तारीख जवळ आलीय. याला यायचंय, ‘माझा तुकडा कसा आहे बघायला’ म्हणतो. चालेल ना? आणि त्यानंतर प्लाझाजवळ काहीतरी खाऊ, दोघांना मऊच काहीतरी. त्याचं बिल मात्र पूर्ण माझं.

तुमची,
चौथी ब मधल्या धक्केवाल्याची आई