झेवियर विद्यापीठ उभारणाऱ्या सिस्टर्स

महोदय,
झेवियर म्हटले की आपल्याला जेझुइट पाद्री आठवतात. पण अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे झेवियर विद्यापीठ उभारले ते मदर कॅथरीन ड्रेक्सेल आणि त्यांच्या सिस्टर्सनी, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनींनी. फिलाडेल्फियाच्या बँकमालकाच्या या लेकीने वारशाचा पैसा कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलांच्या शिक्षणावर वेचला. न्यू ऑर्लिन्समधले सदर्न हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ बॅटन रूज शहरात हलल्यावर त्याच्या रिकाम्या जागेत १९१५ साली सिस्टर्सची शाळा भरली. १९२५ मध्ये कॉलेज, १९२७ मध्ये फार्मसीचे (औषधशास्त्राचे) कॉलेज. गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे बंद असतानाचा हा काळ! इथले कितीतरी विद्यार्थी पुढे डॉक्टर झाले. २००५ च्या कतरिना वादळात आवार पाण्याखाली गेले, तरी जानेवारी २००६ मध्ये वर्ग पुन्हा भरले. शिक्षणाच्या इतिहासात अशा सिस्टर्सचे काम फार कमी सांगितले जाते. आपल्या शिक्षण पुरवणीत त्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.
– एक वाचक, पुणे