पहिला फ्लॅट घेताना आधी पाण्याची पातळी विचारा

मा. संपादक,
स. न.

बडोद्यात पहिला फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या तरुण कुटुंबांपुढे आज पर्यायांची वाण नाही. वासणा-भायली, गोत्री-सेवासी, समा-सावली रस्ता, हरणी, वाघोडिया रस्ता, मांजलपूर, तरसाली अशा चारही दिशांना नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि वृत्तपत्रांच्या घरविषयक पुरवण्यांतून क्लब हाउस, बाग, जिम, मॉड्युलर स्वयंपाकघर यांची माहिती सविस्तर येत असते. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये त्या भूखंडावर किती फूट पाणी होते आणि ते किती दिवस राहिले, हे या जाहिरातींत कुठेही वाचायला मिळत नाही. या शहरात जागा निवडताना सर्वांत आधी हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे उत्तर मिळवण्याची जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे, हे मांडण्यासाठी हे पत्र.

विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी काळा घोडा पुलाजवळ २६ फूट मानली जाते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस ती ३५ फुटांच्याही पुढे गेली. समा, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा, एकमेकांपासून दूर असलेल्या आणि सर्व आर्थिक स्तरांतील लोक राहत असलेल्या भागांत तळमजले बुडाले, लष्कराला पाचारण करावे लागले. त्याच्या पाच वर्षे आधी, ३१ जुलै २०१९ रोजी, एका दिवसात शहरावर सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला होता. म्हणजे आज तिशीत असलेल्या आणि वीस वर्षांचे गृहकर्ज काढू पाहणाऱ्या माणसाने गेल्या काही वर्षांतच दोन मोठे पूर पाहिले आहेत. कर्ज फिटेपर्यंत त्याला आणखी किती पाहावे लागतील, याचा हिशेब त्याने आधीच केलेला बरा.

‘आमची स्कीम नदीपासून लांब आहे’ हे विक्री कार्यालयात हमखास ऐकू येणारे वाक्य बडोद्याच्या बाबतीत अपुरे आहे. पावागढाच्या बाजूने येणारी विश्वामित्री शहरातून वळणे घेत जाते आणि शहरभरचे पावसाचे पाणी भूखी, रूपारेल, मसिया यांसारख्या कांसांमधून, म्हणजे पावसाळी नाल्यांमधून, येऊन तिला मिळते. नदीची पातळी चढली की या कांसांना उतार राहत नाही. त्यांतले पाणी पुढे सरकायचे थांबते आणि मागे वस्तीत पसरते. त्यामुळे नदीपासून बऱ्याच अंतरावरच्या, पण कांसाच्या काठावरच्या किंवा बुजवलेल्या जुन्या कोतरावर, म्हणजे घळीवर, उभ्या असलेल्या सोसायटीत पाणी शिरते, आणि नदीच्या अगदी जवळची पण उंचवट्यावरची वस्ती कधीकधी कोरडी राहते. नकाशावर नदीपासूनचे अंतर मोजून भागत नाही. कांस कुठून जाते, तिचे तोंड उघडे आहे की तिच्यावर स्लॅब टाकून रस्ता केलेला आहे, आणि आसपासच्या जमिनीचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे प्रत्यक्ष फिरून पाहावे लागते.

हा प्रश्न या शहराला नवा नाही. आजच्या अकोट्याच्या जागी प्राचीन काळी अंकोट्टक नावाचे भरभराटीचे नगर होते. तिथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या संग्रहालयात आहेत. सुमारे इसवी सन ६०० च्या आसपास विश्वामित्रीच्या मोठ्या पुरामुळे तिथले लोक नदीच्या पूर्वेकडील उंच जागेवर सरकले, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. त्या वस्तीचे वडपद्रक हे नाव इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात आढळते आणि त्यातूनच पुढे वडोदरा झाले. मांडवीभोवतालचे जुने शहर वसले तेही याच उंच बाजूला. कोणतीही मोजणीची यंत्रे हाताशी नसताना आपल्या पूर्वसुरींनी जमिनीची उंची पाहून घर बांधले, आणि आपण मात्र उपग्रहाची छायाचित्रे खिशातल्या फोनवर असताना प्रवेशद्वाराची कमान पाहून बुकिंग करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अलीकडे बहुतेक नव्या स्कीममध्ये भराव टाकून जोते उंच घेतले जाते. त्यामुळे आपल्या इमारतीत पाणी येणार नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. एक तर भरावाने अडवलेले पाणी शेजारच्या जुन्या सोसायटीत किंवा टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरांत, जाते, आणि ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले त्यांच्या घरात प्रथमच पाणी शिरते. दुसरे, इमारत कोरडी राहिली तरी तिच्याकडे येणारा टीपी (नगररचना योजनेतला) रस्ता पाण्याखाली असेल, तर दूध, औषध, रुग्णवाहिका यांपैकी काहीही तिथवर पोहोचत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तळघर. जागा वाचवण्यासाठी विजेचे मीटर, पाणी चढवणारे पंप, जनरेटर आणि लिफ्टच्या यंत्रणेचा काही भाग अनेक इमारतींत बेसमेंटमध्येच असतो. तिथे पाणी भरले की सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या उंबऱ्याला थेंबही न लागता त्या घरातली वीज, पाणी आणि लिफ्ट एकाच वेळी बंद पडतात. २०२४ मध्ये गुडघेदुखीने त्रस्त झालेली वडीलधारी माणसे वरच्या मजल्यांवर अशीच अडकून पडली होती. बाहेरचे पाणी ओसरले, तरी मीटर सुकवून आणि तपासून वीज जोडेपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. म्हणून फ्लॅट पाहायला जाणाऱ्याने नमुना फ्लॅटच्या आधी बेसमेंट पाहावे आणि मीटर रूम कुठे आहे ते विचारावे. ती जमिनीच्या वर, उंच ओट्यावर असेल, तर बांधणाऱ्याने या शहराचा विचार केला आहे, एवढे नक्की समजते.

माझ्या भाचीला आणि तिच्या यजमानांना यंदा एक फ्लॅट अतिशय आवडला होता. दोघांची नोकरी एकाच दिशेला, शाळा जवळ, हप्ता झेपणारा. ‘इथे पाणी येत नाही’ असे विक्री कार्यालयात त्यांना निःशंकपणे सांगण्यात आले. बाहेर पडल्यावर त्यांनी रस्त्यापलीकडच्या जुन्या सोसायटीच्या रखवालदाराला विचारले, तेव्हा त्याने कंपाउंडच्या भिंतीवरचा चिखलाचा पुसट पट्टा दाखवला. तो तळमजल्याच्या खिडकीच्या उंबरठ्याएवढा उंच होता. त्यांनी तिथे घर घेतले नाही. परंतु ज्यांना रखवालदाराला विचारण्याचे सुचले नाही, अशी अनेक कुटुंबे आज त्याच इमारतीचे हप्ते भरत असतील, हे डोक्यातून जात नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच सरकला आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यामुळे चटई क्षेत्राची एकच व्याख्या झाली, ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले, नोंदणीकृत बानाखताशिवाय (विक्री कराराशिवाय) १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे विकासकावर आली. गुजरात रेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे व कामाची प्रगती घरबसल्या पाहता येते. बी.यू. (इमारत वापराची) परवानगी मिळाली आहे की नाही, जमिनीचे टायटल आणि बिनशेती यांची कागदपत्रे, हे सर्व आता कोणताही जागरूक ग्राहक तपासतो. पण ही सारी कागदपत्रे निर्दोष असलेला फ्लॅटही कंबरभर पाण्यात असू शकतो. याच कायद्याचे १२ वे कलम असे सांगते, की जाहिरातीतील किंवा माहितीपुस्तकातील खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. पाण्याची पातळी छापील माहितीपुस्तकात आली, तरच हे कलम ग्राहकाच्या कामी येईल. आज ती माहिती केवळ तोंडी दिली जाते आणि तोंडी शब्दाचा पुरावा राहत नाही.

पैशाच्या बाजूबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले जाते. जंत्रीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या किमान किमतीचे, दर एप्रिल २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणात वाढले. त्यावर आधारित ४.९ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो बहुधा रोखीने उभा करावा लागतो. केवळ स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास नोंदणी फी माफ होते, या सवलतीचा लाभ आपल्या घरांतून अजूनही पुरेसा घेतला जात नाही. सखल भागातला फ्लॅट थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर वाचलेली रक्कम एका पुरात फर्निचर, गाडी आणि सोसायटीच्या दुरुस्ती वर्गणीत निघून जाऊ शकते. मला विचाराल, तर उंचावरच्या, रुळलेल्या वस्तीत जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट हा सखल जागेवरच्या तीन बेडरूमच्या नव्या फ्लॅटपेक्षा पहिल्या घरासाठी अधिक शहाणपणाचा आहे. आणि कुठेही घेतले, तरी पुराचा समावेश असलेला घराचा विमा पहिल्या हप्त्याबरोबरच उतरवावा.

आपल्या मराठी कुटुंबांबद्दलही एक गोष्ट लिहावीशी वाटते. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांतून बाहेर पडताना आपण अजूनही ‘आपली माणसे कुठे आहेत’ हे आधी पाहतो. यात गैर काही नाही. पुराच्या दिवसांत अनेकांना हक्काचा आसरा मिळाला तो नातलगांच्याच घरी. तरीही मामांनी घेतला म्हणून त्याच इमारतीत आपणही घ्यायचा, ही पद्धत आता पुरेशी नाही. सगळे आप्त एकाच सखल भागात गोळा झाले, तर अडचणीच्या वेळी कोणी कोणाकडे जायचे?

गेल्या काही महिन्यांत आणखी एक युक्तिवाद कानांवर येऊ लागला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले, त्यामुळे आता पूर येणार नाही, असे घर दाखवताना सांगितले जाते. काम झाले याचा प्रत्येक बडोदेकराला आनंदच आहे. परंतु पात्रात गाळ पुन्हा साचतो, कांसांची रुंदी अनेक ठिकाणी अजून तितकीच अपुरी आहे, आणि ३५ फुटांची कसोटी लागल्याशिवाय खरे काय ते ठरणार नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राची आखणी करण्यास सांगितले होते. ती आखणी सर्वसामान्य घरग्राहकाला समजेल अशा स्वरूपात, टीपी स्कीम आणि अंतिम भूखंड क्रमांक घालून शोधता येईल अशा रीतीने, त्याच्या हाती आली पाहिजे. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली आदी गावे महापालिकेच्या हद्दीत आली. तिथे सर्वाधिक नवी घरे होत आहेत, आणि मोकळी शेते, तलाव व वहिवाटीचे नाले बुजण्याचा वेगही तिथेच जास्त आहे. त्यामुळे सुरुवात तिथूनच व्हावी.

महापालिकेकडे माझी मागणी एवढीच आहे, की २०१९ आणि २०२४ च्या पाण्याच्या पातळीच्या खुणा विजेच्या खांबांवर आणि सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर रंगाने कायमच्या कराव्यात, आणि बांधकाम परवानगी देताना त्या भूखंडाची नोंदलेली सर्वोच्च पातळी परवानगीच्या कागदावरच लिहावी. ती तिथे आली, की रेराच्या संकेतस्थळावर आपोआप येईल आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या मूल्यांकनातही तिचा विचार होईल. विकासकांनाही यात भिण्यासारखे काही नाही. ज्यांनी उंच जागा निवडली आणि मीटर रूम वर घेतली, त्यांच्या मेहनतीला यामुळे बाजारात प्रथमच योग्य किंमत मिळेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत बुकिंगचा हंगाम असतो. त्याआधी आपल्या घरविषयक पुरवणीत शहराच्या प्रत्येक भागातील २०२४ च्या पाण्याची उंची आणि पाणी किती दिवस राहिले याची माहिती वाचकांकडून मागवून छापावी. समा, कारेलीबाग, अकोटा, वडसर या भागांतील मराठी वाचक ती आनंदाने पाठवतील.

आपला,
एक नियमित वाचक, बडोदे